एक जूनची माणसं

फागू गुरुजींच्या हातात कागद दिला की ते आधी तो उलटा करून मागची बाजू बघतात. मागे काही नसलं तर त्यांचा संशय वाढतो. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो की पंचायत समितीची नोटीस असो, आधी पाठ, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी सही कोणाची ते. मोखाड्याच्या बाजारात सुकट घेतली तर दुसऱ्या दुकानात ती पुन्हा तोलून घेणार. जीपचा ड्रायव्हर "बसा गुरुजी, निघालोच" म्हणाला की हे बाहेर उभे राहून आतली डोकी मोजणार, कारण बारा भरल्याशिवाय जीप हलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांची बायको गोदाबाई सांगते, "ह्यांनी लग्नाआधी माझा शाळेचा दाखला मागितला व्हता." हे खरं आहे. गोदाबाई शाळेची पायरी चढलेलीच नव्हती, त्यामुळे दाखला मिळाला नाही. तरी लग्न झालं, आणि गुरुजींनी आयुष्यात बिनतपासणीचा घेतलेला तेवढा एकच निर्णय.

सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर त्यांचं घर आहे. तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत तेहेतीस वर्षं मास्तरकी करून ते निवृत्त झाले त्याला अडीच वर्षं होत आली. आजूबाजूच्या सात पाड्यांवर बाहेरून कागद आला की तो गुरुजींच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यावर कोणाचा अंगठा उठत नाही. लोकांनी हा मान त्यांना उगाच दिलेला नाही. मागे एक गुळगुळीत दाढीचा माणूस फुकट सोलर दिवे वाटायला आला होता. त्याच्या फॉर्मच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत कर्ज लिहिलेलं होतं, ते गुरुजींनी काढलं. त्या दिवसापासून कागदाची पाठ बघण्याची त्यांची सवय अख्ख्या परिसरात शहाणपणात जमा झाली. गुरुजींनाही त्याचा थोडा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

भातं कापून झाली आणि नोव्हेंबरात शाळेच्या मैदानावर मुंबईच्या दोन गाड्या येऊन थांबल्या. खेळ, सिनेमे-बातम्या आणि नवी यंत्रं अशा तीन धंद्यांत पैसा घालणारी ती एक खासगी कंपनी होती. एका कबड्डी संघात तिची भागीदारी, मोबाईलवर चालणारं खेळांचं एक चॅनेल तिच्या पैशावर उभं, आणि मनगटावर बांधला की काळजाचे ठोके मोजणारा पट्टा बनवणाऱ्या एका कारखान्यातही तिचा हात. आता नाशिकला धावणाऱ्या मुलींसाठी अकादमी काढायची म्हणून ती डोंगर धुंडाळत होती. एवढं लांबलचक कोण लक्षात ठेवणार? पाड्यावर तिचं नाव पडलं 'पट्ट्याची कंपनी'.

साठ मुली पळाल्या, अकरा निवडल्या गेल्या. पाड्यावरच्या नवशीची मुलगी रविना पहिली आली, आणि इतक्या अंतराने आली की घड्याळवाल्या माणसाला वाटलं, हिने एक फेरी गाळली. त्याने तिला पुन्हा पळवलं. ती पुन्हा तेवढ्याच वेळात पळाली आणि विचारू लागली की अजून पळायचं आहे का. नववीतली पोर, पायात चप्पलसुद्धा नव्हती. तिच्या मनगटावर निळा पट्टा बांधला गेला आणि चार दिवसांनी नवशीच्या हातात बावीस पानांचा करार आला.

नवशी तो फडक्यात गुंडाळून गुरुजींकडे घेऊन आली. "गुरुजी, तुमी वाचा. मराठीत हाय म्हणत, पन मला तं काय उमजं नाय."

गुरुजींनी करार उलटा केला. बाविसाव्या पानाची पाठ कोरी होती. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

चार दिवस ते ओसरीवर बसून वाचत होते. राहणं, जेवण, शाळा, बूट, डॉक्टर, सगळं कंपनीकडून. घरच्यांनी एक रुपया द्यायचा नाही. हेच त्यांच्या घशाखाली उतरेना. आमच्या डोंगरावर आजवर जो काही द्यायला आला तो आधी घेऊन गेला आणि मग द्यायचं विसरला, असं त्यांचं मत होतं. कबड्डीचा संघ बाळगणाऱ्या माणसांना आमच्या नागलीच्या भाकरीवर वाढलेल्या पोरीत काय दिसलं? त्यांनी एकोणीस शंका काढल्या आणि बाजाराच्या दिवशी कंपनीच्या बाईंना मोखाड्याच्या स्टँडजवळच्या हॉटेलात गाठलं.

बाईंचं नाव प्रतिभा. डोंबिवलीची, तिशीच्या आतली, मुली निवडायचं काम तिच्याकडे. गुरुजींनी चहा मागवला आणि त्याचे पैसे स्वतः आधीच देऊन टाकले, म्हणजे उपकार नको.

"मॅडम, तुम्हाला आमच्याकडे काय दिसलं?"

"पळणाऱ्या मुली दिसल्या, गुरुजी."

"मुंबईत पळणाऱ्या मुली नाहीत?"

"आहेत. पण त्या क्लासच्या वेळेतच पळतात."

गुरुजी हसले नाहीत. "मग तुम्ही धर्म करायला आलात म्हणायचं."

"नाही हो," प्रतिभा म्हणाली. "अकराजणींतली एखादी मोठी झाली तर तिची फिल्म आमच्या चॅनेलवर चालेल, तिच्या हातातला पट्टा दुकानात विकला जाईल, अकादमीचं नाव होईल. बाकी दहाजणींचा खर्च त्यातून निघेल. कोणीच मोठी झाली नाही, तर आमचे पैसे बुडाले. धंदा आहे, गुरुजी."

गुरुजींना हे उत्तर अजिबात आवडलं नाही, कारण त्यात त्यांना खोट सापडली नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे त्यांना ठाऊक होतं. खरं बोलणाऱ्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चौदावं पान काढलं. तिथे लिहिलं होतं की मुलीचा चेहरा, आवाज आणि जीवनकथा यांवर दहा वर्षं कंपनीचा हक्क राहील.

"जीवनकथेत तिची आई येते, आजी येते, शाळा येते. उद्या मीही त्यात येईन. मला कोणी विचारलं?"

प्रतिभा थोडी गोंधळली. तिने लिहून घेतलं. दहाची चार वर्षं करा, आईने 'नको' म्हटलं की शूटिंग बंद, आणि गावातल्या दुसऱ्या कोणाचीही गोष्ट त्याला विचारल्याशिवाय सांगायची नाही, असं गुरुजींनी तिच्याकडून मागून घेतलं. तीन दिवसांत मुंबईहून होकार आला. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. गुरुजी गोदाबाईला म्हणाले, "एवढ्या लवकर कबूल झाले म्हणजे खरी मेख दुसऱ्याच पानावर आहे." आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

मेख निघाली, पण ती करारात नव्हती.

आठवड्याने प्रतिभा जीप करून पाड्यावर आली ती थेट गुरुजींच्या ओसरीवर. नवशी आणि तिची सासू गोजाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. रविना उंबऱ्याशी उभी होती. प्रतिभाने पाणी घेतलं नाही.

"गुरुजी, एक विचारायचं होतं. अकरा मुलींपैकी नऊजणींचा जन्म एक जूनचा आहे. साल वेगवेगळं, पण तारीख एकच. आमच्या ऑफिसमध्ये सगळे म्हणतायत की हे दाखले एकाच ठिकाणी बनवलेत."

"एकाच ठिकाणी बनवलेत," गुरुजी म्हणाले. "शाळेत."

मग त्यांनी तिला समजावलं. पाड्यावर मूल जन्मलं तेव्हा कोणी कॅलेंडर बघत नाही. शुक्रवारी झाला तो सुकऱ्या, पौषात झाली ती पोशी, होळीला झाला तो फागू. आईला वार ठाऊक, सण ठाऊक, शेतात काय चाललं होतं ते ठाऊक. पण शाळेच्या रजिस्टरात वार आणि सण चालत नाहीत, तिथे तारीखच लागते. मग मास्तर पोराकडे बघतो, उंची बघतो, दात बघतो, वर्ष ठरवतो आणि पुढे एक जून टाकतो. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेबाला सोपं. त्या रजिस्टरावरून दाखला, दाखल्यावरून आधार, आणि तीच तारीख जन्मभर.

"माझीही एक जूनच आहे," गुरुजी म्हणाले. "आईने होळी पेटली तेव्हा जन्म दिला म्हणून फागू नाव ठेवलं, आणि मास्तरांनी एक जून लावला. एक जूनवाल्याला एकतीस मेला घरी पाठवतात. आमच्या तालुक्यात त्या दिवशी निरोप समारंभाचे हार कमी पडतात."

प्रतिभाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "बाकीच्यांचं मी पटवीन त्यांना. रविनाचं वेगळं आहे. या बॅचला दोन हजार अकरा किंवा त्यानंतर जन्मलेल्याच मुली घ्यायच्या आहेत. हिचा एक जून दोन हजार दहा आहे. सात महिन्यांनी बाहेर जाते."

"नाय, मॅडम," नवशी म्हणाली. "ती शिवरात्रीच्या दोन दिस आधी झाली. मला चांगला ध्यानात हाय. गुरं घरा आली आन ही झाली."

गोजाबाई साऱ्या जगाला अरे-तुरे करते. कलेक्टर आला होता तेव्हा त्यालाही केलं होतं. ती गुरुजींकडे वळून म्हणाली, "गुरजी, तू सांग ना. सोमवारची पोर ती. आमी तिला घरात सोमीच म्हणतो. रविना तं तुझ्या शाळेतला नाव."

प्रतिभाने मोबाईलवर बोट फिरवलं. "एक जून दोन हजार दहाला मंगळवार होता," ती हळूच म्हणाली. मग तिने गुरुजींकडे पाहिलं. ती नजर गुरुजींनी ओळखली. लोकांकडे, कागदांकडे, जीपच्या ड्रायव्हरकडे ते स्वतः तसंच बघत आले होते. त्यांच्याकडे मात्र तसं आजवर कोणी बघितलं नव्हतं.

"गुरुजी, हिचं रजिस्टर कोणी लिहिलं? तुम्हाला काही माहीत आहे?"

"कागदावर जे आहे ते आहे," गुरुजी म्हणाले.

हे वाक्य दुसऱ्या कोणी त्यांच्यासमोर उच्चारलं असतं तर त्यांनी त्याला ओसरीवरून उठवलं असतं. प्रतिभा उठली. रविनाने न सांगता मनगटावरचा निळा पट्टा सोडला, पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला आणि तिच्या हातात दिला. नंतर हंडा उचलून ती खालच्या विहिरीकडे निघून गेली.

गुरुजींना सगळं माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तारखेनिशी माहीत होतं.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत ते जनगणनेच्या कामावर होते. अठ्ठावीस तारखेला मोजणी संपली, आणि एक मार्चला सकाळी सगळे पाडे पुन्हा चढायचे होते, कारण मध्यरात्रीच्या आत कोणी जन्मलं किंवा मेलं असेल तर आकडा दुरुस्त करायचा नियम. नवशीच्या दारात त्यांना गोजाबाई भेटली आणि म्हणाली, काल सांजचं आमच्यात एक वाढलं. गुरुजींनी आत डोकावून पाहिलं. फडक्यातलं लालभडक पोर होतं. त्यांनी पाड्याची बेरीज खोडली, स्त्रियांच्या रकान्यात एक वाढवला आणि खोडलं तिथे सही केली. तेहेतीस वर्षांत त्यांनी कितीतरी कागद भरले असतील, पण त्या खाडाखोडीचा त्यांना फार आनंद झाला होता. दिवस सोमवार, अठ्ठावीस फेब्रुवारी.

पाच वर्षांनी जूनमध्ये नवशी त्याच पोरीला घेऊन शाळेत आली. दिवाळीनंतर नवरा-बायको वीटभट्टीवर जाणार होते. पोर शाळेच्या वसतिगृहात राहिली तर राहिली, नाहीतर भट्टीवर. पहिलीत घ्यायला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि पोर सव्वापाच वर्षांची. आदल्याच वर्षी शेजारच्या पाड्यावरची तेवढ्याच वयाची एक मुलगी आईबापांबरोबर भट्टीवर गेली होती, ती मातीच्या खड्ड्यातल्या पाण्यात बुडून मेली. गुरुजींनी पेन उचललं आणि एक जून दोन हजार दहा लिहिलं. इतर पोरांच्या बाबतीत ते अंदाज करत होते. या एकीच्या बाबतीत त्यांना खरं ठाऊक होतं आणि त्यांनी खोटं लिहिलं. त्या रकान्यात वर-खाली सगळ्यांचे एक जून होते, त्यामुळे तो कुणालाच वेगळा दिसला नाही. त्यांना त्याचा तेव्हा पश्चात्ताप झाला नाही, आणि खरं तर अजूनही होत नव्हता.

पण आता तोंड उघडायचं म्हणजे सरकारी रजिस्टरात जाणूनबुजून खोटी नोंद केली असं लिहून द्यायचं. मग खात्याची चौकशी, पेन्शनला हात. शिवाय ज्यांनी सात पाड्यांचे कागद तपासले त्यांचाच कागद खोटा, असं बाजारात होणार. गप्प बसलं तर काय बिघडणार होतं? कंपनी निघून जाईल. पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणतच होते की यात काहीतरी काळंबेरं आहे. सगळे म्हणतील, गुरुजींचं बरोबर निघालं. आपल्याच संशयाने आपल्याला इतकी सोयीची जागा करून ठेवलेली पाहून त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी नवशी आली. करार परत न्यायला आली असेल असं त्यांना वाटलं. ती मूठभर वाल घेऊन आली होती.

"गुरुजी, तुमी पयल्यापून सांगत व्हते, कंपनी खरी नाय," ती म्हणाली. "आमाला हाव सुटली. तुमी व्हते म्हणून निभावला."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. पण नवशीला टोमणा मारता येत नाही. तिचा पूर्ण विश्वास होता, आणि गुरुजींना शरमेने तिच्याकडे बघवेना. त्यांनी वाल घेतले नाहीत. "आत ठेव, गोदाकडे," एवढंच म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

त्या दिवशी जीपमधली डोकी त्यांनी मोजली नाहीत. तहसील कचेरीबाहेर नितीन टायपिंग करतो, त्याच्यापुढे बसून त्यांनी मजकूर सांगितला. चार ओळी झाल्यावर नितीनचे हात थांबले.

"गुरुजी, हे तुम्ही स्वतःवरच लिहून देताय. वाक्य जरा फिरवू का? 'नजरचुकीने' घालतो. सगळे तसंच घालतात."

"नजरचूक नव्हती," गुरुजी म्हणाले. "'जाणूनबुजून' लिही."

कागद टाइप होऊन आला. गुरुजींनी तो उलटा केला, पाठ बघितली, मग पोट वाचलं, आणि सही कोणाची ते बघायची वेळ आली तेव्हा तिथली जागा रिकामी होती. त्यांनी सही केली आणि आत जाऊन तहसीलदारांसमोर शपथ घेतली.

कंपनीने ते प्रतिज्ञापत्र लगेच मानलं नाही. फोनवर प्रतिभा अवघडून बोलली. "गुरुजी, ऑफिस म्हणतंय, जो माणूस एकदा खोटं लिहिलं म्हणतो, त्याचं आत्ताचं खरं कशावरून?"

"बरोबर विचारलंय त्यांनी," गुरुजी म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तपासा."

कंपनीने तपासलं. नाशिकला रविनाच्या मनगटाचा एक्स-रे काढला. गुरुजी सोबत गेले, एक्स-रेच्या पाकिटावरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. हाडांवरून डॉक्टर नेमकी तारीख सांगू शकत नाहीत, पण पोर साडेतेरा-चौदाच्या वर नाही असं त्यांनी लिहून दिलं. वार जुळला, शिवरात्र जुळली, हाड जुळलं. अकादमीच्या फॉर्मवर अठ्ठावीस फेब्रुवारी दोन हजार अकरा ही तारीख पडली. दाखला आणि आधार सुधारायला सरकारी कचेऱ्यांच्या अजून सहा खिडक्या उरल्या आहेत, पण शाळा सुरू व्हायच्या आधी रविनाचा पट्टा तिच्या हातात परत आला. करारावर नवशीने अंगठा दिला. साक्षीदार म्हणून गुरुजींनी सही केली, आणि चौदावं पान आणखी एकदा वाचून मगच केली. कंपनीवरचा त्यांचा संशय गेलेला नाही. दर रविवारी ते रविनाला फोन करून विचारतात की काय जेवलीस आणि कशावर सही मागितली का.

खात्याचं पत्र आलं आहे. पंधरा दिवसांत खुलासा मागितला आहे. गुरुजींनी ते मागून बघितलं, पुढून वाचलं आणि देवळीत ठेवलं आहे.

ही गोष्ट सात पाड्यांवर पोचायला दोन बाजार पुरले. लोक आता येणार नाहीत अशी गुरुजींनी मनाची तयारी केली होती. आपला कागद खोटा निघालेल्या माणसाकडे कोण कागद आणणार? तिसऱ्या बाजाराच्या सकाळी ओसरीवर चपलांचा आवाज आला तेव्हा ते दचकले. जीपचा ड्रायव्हर भावेश होता. त्याच्यामागे आश्रमशाळेत स्वयंपाकाला असलेली चंदा, अंगणवाडीतली एक मदतनीस, नाशिकला पोलिसात लागलेला आणि सुट्टीवर आलेला गोकुळ, आणि आणखी चार-पाच जण. सगळे त्यांच्या हाताखाली शिकलेले. सगळे एक जूनचे. कोणाच्याच हातात कागद नव्हता.

"गुरुजी, तुमच्याकडं रविनाची खरी तारीख व्हती," भावेश म्हणाला. "माझी कोणती?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. याला पहिलीत बसवताना त्यांनी याचे पडलेले दात मोजले होते, ते त्यांना आठवलं. वार आठवला नाही, सण आठवला नाही. याची आई तेव्हा रजिस्टरच्या टेबलापलीकडे उभी होती आणि काहीतरी सांगत होती, आणि त्यांनी न ऐकता पेन टेकवलं होतं. ती आता हयात नाही.

"बस," ते म्हणाले. सगळे बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. गुरुजींनी पेन्सिल घेतली, वहीचं कोरं पान उघडलं, वर भावेशचं नाव लिहिलं, आणि पुढे काय लिहायचं ते त्यांना कळेना.